ग्लोरियाच्या बोयावरचा हिरवा डाग

मी एक जुना बोया आहे, पाण्यावर तरंगणारा. नारिंगी, गरगरीत, आणि पोटात नुसती हवा. मित्रांनो, हवा भरलेल्या वस्तूला मन कसलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

मी कारखान्यात जन्मलो, पण मला नाव मिळालं ते अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदरात. तिथल्या ओर्लांदो सिमास या कप्तानाची बोट हौशी गिऱ्हाइकांना दिवसभरासाठी खोल समुद्रात ब्लूफिन ट्यूना हे अजस्र मासे धरायला नेत असे. बोटीचं नाव 'ग्लोरिया'. ओर्लांदोची मुलगी लिदिया त्याच्याबरोबर बोटीवर काम करायची. आमिष लावणं, भाला मारणं, गिऱ्हाइकाला मळमळलं की बादली पुढे करणं, सगळं तिच्याकडे. तिने काळ्या रंगाने माझ्या पोटावर 'ग्लोरिया' असं लिहिलं. जागा संपत आल्यामुळे शेवटचं अक्षर जरा चेंगरलं. मला मात्र ते फार आवडलं.

माझं काम सांगतो. ट्यूनाची वाट बघत बोट नांगर टाकून उभी असते. मासा लागला की असा सुसाट सुटतो की नांगर उचलायला उसंतच मिळत नाही. मग नांगराच्या दोराचं टोक मला बांधून मला पाण्यात सोडून देतात. बोट माशामागे जाते, दोन तास, तीन तास. मी मागे राहून जागा राखतो. बंदरात एकमेकांची उणीदुणी काढणारे कप्तान पुष्कळ होते, पण दुसऱ्याने सोडलेल्या बोयाला कोणी हात लावत नसे. या एका रिवाजावर माझं आयुष्य चाललं होतं.

आणि मी राखायचो ती जागाही साधी नव्हती. समुद्राच्या तळाशी खडकाचा एक उंचवटा होता. ओर्लांदोच्या वडिलांनी तो शोधला, म्हणून त्याचं नाव 'आजोबांचा दगड'. तिथे बांगडे जमत आणि बांगड्यांमागे ट्यूना येत. नाव सगळ्या बंदराला ठाऊक होतं, ठिकाण मात्र फक्त बापलेकीला. लांबवर एखादी बोट नुसती दिसली तरी ओर्लांदो तिथे नांगर टाकत नसे.

"अरे, सांगून टाक की एकदा," दुआर्ते त्याला रोज सकाळी कॉफी पिताना छेडायचा. "वर जाताना दगड काय खिशात घालून नेणार आहेस?"

"तुझ्या बोटीचा रंग आधी बदल, मग सांगतो," ओर्लांदो म्हणायचा.

दुआर्ते हा ओर्लांदोचा तीस वर्षांचा दोस्त. त्याचीही बोट गिऱ्हाइकं घेऊन जायची. लिदियाच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं, आणि एका हिवाळ्यात ओर्लांदो धक्क्यावरून घसरून गारठलेल्या पाण्यात पडला तेव्हा याच दुआर्तेने त्याला मानगुटीला धरून वर ओढलं होतं. ही गोष्ट घडली त्या वर्षीच्या वसंतात त्याने आपली बोट हिरवी रंगवली. कसला हिरवा, काय सांगू! बोट पालेभाजीच्या सुपात बुडवून काढलीय, असं सगळं बंदर म्हणायचं. तसा रंग दुसऱ्या कुणाच्या बोटीला नव्हता. हे तेवढं लक्षात ठेवा.

तो दिवस ऑगस्टमधला, मंगळवार. गिऱ्हाईक एकच होतं, वेंडेल नावाचे ओहायोचे म्हातारे गृहस्थ. त्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली होती, आणि आता एक तरी ट्यूना धरायचाच म्हणून आले होते. त्यांनी डब्यातून केळी काढली तशी लिदिया ओरडली, "केळी? बोटीवर? केळी अपशकुनी असतात! काका, आज मासा हवाय ना तुम्हाला?" आणि केळी समुद्रात गेली. आजूबाजूला एकही बोट नव्हती. ओर्लांदोने दगडावर नांगर टाकला. लिदिया हेरिंग माशांचे तुकडे करून पाण्यात सोडत राहिली. गळाला लावलेला जिवंत बांगडा खाली होता आणि वर त्याला बांधलेला फुगा लाटांवर डुलत होता.

साडेनऊला फुगा गडप झाला आणि काठीवरचं रीळ किंचाळलं.

"लिदिया, बोया सोड!"

मी पाण्यात पडलो. बोट वळली. ओर्लांदोला आनंद कधी हळू आवाजात होत नसे. वायरलेसवर त्याचा आवाज मला दूरपर्यंत ऐकू आला. "दुआर्ते! लागला रे! शहाण्णव इंच तरी असेल. सरळ पूर्वेला ओढत नेतोय!"

मग सगळं शांत झालं. मी नांगराला धरून बसलो. एकटेपणाचं मला काही वाटत नसे, उलट ऐटच वाटायची.

तासाभराने पश्चिमेकडून हिरवी बोट आली, काहीतरी शोधत असल्यासारखी वळणं घेत. दुआर्ते एकटाच होता. त्याची गिऱ्हाइकं त्या दिवशी फिरकली नव्हती. मित्रांनो, खरं सांगतो, त्याला बघून मला बरं वाटलं. आपला माणूस आला, माझी काळजी घ्यायला आला, असंच मी धरून चाललो. त्याने बोट इतकी जवळ आणली की मी तिच्या कडेला घासलो आणि तिचा रंग मला लागला. आकड्याने मला ओढून त्याने माझ्यावरचं नाव वाचलं.

"काय रे, टाकून गेले तुला?" तो हसत म्हणाला आणि मला थोपटलं. ओर्लांदोच्या धक्क्यावर आला की नेहमी थोपटायचा, तसंच.

मग आत जाऊन त्याने ठिकाण टिपणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं. एकदा दाबलं. खात्री करून पुन्हा दाबलं. मला सोडलं आणि आला तसा निघून गेला.

मी लांबून दिसावं म्हणून मला नारिंगी केलं होतं. ज्याच्यासाठी मी दिसायचो त्याचंच घर मी दाखवून दिलं. त्या क्षणी पोटातली हवा सोडून बुडावं असं वाटलं. पण बोयाला बुडताही येत नाही.

दुपारी 'ग्लोरिया' परतली. मासा धरला होता. वेंडेलकाकांचे डोळे भरले होते. "दोनदा म्हटलं, आता तुम्ही घ्या काठी," ते सांगत होते, "ही पोरगी काही हात लावेना. म्हणे, काठीला दुसऱ्याचा हात लागला तर मासा तुमचा राहणार नाही." लिदियाने त्यांचा माशाबरोबर फोटो काढून फोनवरून सगळ्यांना पाठवला होता. मला उचलून डेकवर ठेवलं, डाग खालच्या बाजूला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

एकाला कळलं की सगळ्या बंदराला कळायला वेळ लागत नाही. रविवारी दगडावर अकरा बोटी होत्या. दुआर्तेची त्यात होतीच. 'ग्लोरिया'ला नांगर टाकायला जागा उरली नव्हती. ओर्लांदो गिऱ्हाइकांना घेऊन तसाच माघारी आला. धक्क्यावर दुआर्ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी तर गर्दी बघून गेलो, बाबा. पण हल्लीच्या फोनमधल्या फोटोत म्हणे ठिकाणसुद्धा कळतं. पोरीला विचार."

ओर्लांदोने विचारलं नाही. तो गरजला. "माझ्या बापाचा दगड तू जगाला वाटलास! एका फोटोपायी!"

"बाबा, फोटो काढला तेव्हा आपण दगडापासून चार मैलांवर होतो! आठवा जरा!"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

धक्क्यावर वीसेक माणसं उभी होती. लिदियाने हातमोजे काढून ठेवले आणि ती घरी गेली.

संध्याकाळी ओर्लांदो डेक धूत होता. पाण्याच्या झोताने मी घरंगळलो आणि डाग वर आला. वीतभर लांब, पालेभाजीच्या सुपाचा रंग. मी मनात म्हटलं, आता बोललो मी! आता आमच्या लिदियाची सुटका!

ओर्लांदो खाली बसला. अंगठ्याने डाग घासून पाहिला. मग उठून आतून रंग काढायच्या थिनरची बाटली आणि फडकं घेऊन आला.

"पोरगी परत येईल," तो माझ्याशीच बोलला. "दुआर्तेशी भांडलो तर तो येणार नाही."

आणि त्याने माझं तोंड पुसलं. घासून घासून पुसलं. थिनर माझ्या अंगाला चालत नाही, तिथली कातडी कायमची चिकट झाली. दुआर्तेने केलं ते मी विसरलो असतो, कदाचित. पण हे आपल्या माणसाने केलं, सगळं कळल्यावर केलं. माझं एकुलतं एक वाक्य त्याने फडक्यात बांधून टाकून दिलं.

तेवढ्यात लिदिया राहिलेले बूट न्यायला आली. माझ्याजवळ क्षणभर थबकली, बापाकडे बघितलं आणि बूट उचलून गेली. त्याच आठवड्यात तिने दुसऱ्या बंदरात काम धरलं.

दोन वर्षं मी शेडमध्ये पडून होतो. बाप आणि दुआर्ते रोज सकाळी कॉफी प्यायचे. दगडाचा विषय मात्र कधी निघत नसे.

मग ओर्लांदोने बोट विकायला काढली. लिदियाने तिकडे स्वतःची बोट घेतली होती. बापाने तिला बोलावून सांगितलं, "हवं ते ने."

ती सरळ माझ्याकडे आली.

"तो नको," ओर्लांदो घाईने म्हणाला. "जुना झालाय, चिकट झालाय. नवा घेऊन देतो."

लिदियाने मला उलटं केलं. दोर ओवायच्या भोकात, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे करंगळी घालून बाहेर काढली. नखात हिरवा कण होता.

"दुआर्तेकाकांचा रंग," ती म्हणाली.

ओर्लांदोने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. बोयाला थिनरचा वास येत होता. बोया कधी कुणी थिनरने पुसतं का, बाबा?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," लिदिया म्हणाली. "दोन वर्षं."

ती मला काखेत मारून निघाली.

आता मी तिच्या बोटीवर आहे. तिने नवं नाव लिहिलं, पण भोकातला हिरवा कण तसाच ठेवला आहे. मित्रांनो, आम्हा बोयांना उन्हात टाकू नका, थिनर लावू नका, गोड्या पाण्याने धुवा, आम्ही वर्षानुवर्षं टिकतो. आणि एखाद्या दिवशी आमच्या अंगावर कुणाचा डाग दिसला, तर तो पुसायच्या आधी एवढंच बघा, की त्याच्यासाठी घरातलं कोण उगाच बोलणी खात आहे.