गिअर कोण टाकतंय?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी आता म्हातारा झालोय. माझ्या डाव्या स्टिकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, पाठीवरचा एक स्क्रू कधीच पळालाय आणि वायर जिथे अंगाला जोडली आहे तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. दुकानदार मला गेमपॅड म्हणायचा. या घरात मात्र मोठी माणसं मला रिमोट म्हणतात. टीव्हीचा तो किरकोळ रिमोट आणि मी एकाच पंगतीत, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर बसवली. डावीतली जड, उजवीतली हलकी. खेळातली गाडी कशाला धडकली की डावी मूठ थरथरते आणि गिअर पडला की उजव्या मुठीत बारीकसा हिसका बसतो. खेळाचा पडदा मला दिसत नाही, पण या हिसक्यांवरून मला गाडीचं सगळं कळतं. बाईने मला एकदा हलवून पाहिलं, ठीक आहे म्हणाली आणि खोक्यात बंद केलं.

या घरातल्या लेकीने मला खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा ती शाळेत होती. तिला एकच वेड होतं, गाड्यांच्या शर्यती. तिच्या मावसभावाशी तिचं रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं. तुम्ही खेळत असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, खेळ सुरू होण्याआधी विचारतो, गिअर मॅन्युअल ठेवायचे की ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिक म्हटलं की गाडी आपले गिअर आपण बदलते, तुम्ही नुसती रेस द्या आणि वळवा. मॅन्युअल म्हटलं की प्रत्येक गिअर तुमच्या अंगठ्याने. एक बटण वर चढवायचं, दुसरं खाली उतरवायचं. मावसभाऊ म्हणायचा, कशाला उगाच डोक्याला ताप, गाडीला अक्कल आहे ना. आणि लेक म्हणायची, मग शर्यत गाडीच जिंकते, तू फक्त सोबत बसून जातोस. त्यावर तो चिडायचा आणि हरायचा.

ती जिंकायची त्याचं निम्मं श्रेय तिच्या बाबांचं होतं. बाबा मोठे टँकर चालवायचे. दोन-चार दिवसांनी घरी यायचे, सोफ्याच्या मागून पाण्याचा तांब्या घेऊन जाता जाता पडद्याकडे न बघताच म्हणायचे, "गाडी रडतेय गं. गिअर टाक." ती टाकायची आणि गाडी सरळ व्हायची. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कधी मागतंय ते ओळखायला तिला बाबांनी असं चालता चालता शिकवलं. ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. माझी बटणं ती ओल्या कापडाने पुसायची आणि मावसभावाने खरकट्या हातांनी मला धरलं तर त्याला फटका बसायचा.

मग ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशिनवर कामाला लागली, आणि मी टीव्हीखालच्या खणात गेलो. खणात मोजपट्टी, मेलेले सेल आणि कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर होते. त्यांच्याशी काय बोलणार? मी पडून राहिलो.

मला बाहेर काढलं ते बाबांच्या आजारपणाने. त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, बोलणंही आलं, पण उजवा हात रुसून बसला. बोटं वळायची, पण कधी वळतील याचा नेम नाही, आणि तळव्याला तर काहीच कळत नव्हतं. गरम कप धरला तर भाजल्याचं डोळ्यांना दिसायचं तेव्हा कळायचं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या की अंगठ्याला काम द्या, काहीही चालेल. लेकीला माझी आठवण झाली.

डेपोच्या साहेबांनी बाबांना दोन वाटा दिल्या होत्या. हात चालायला लागला की गाडीची चाचणी द्यायची, पास झाले तर टँकर परत हातात. नाही तर फाटकावर खुर्ची टाकून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघत बसायचं. फाटकाचं नाव काढलं की बाबा जेवणाचं ताट बाजूला सरकवायचे. आयुष्य गाडीच्या आत काढलेला माणूस, त्याला दुसऱ्याच्या गाड्यांना दार उघडायला बसवायचं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी लेकीला बजावलं, गिअर माझे मी टाकणार. लेकीने मॅन्युअल लावलं; रेस आणि वळणं डाव्या हाताकडे, गिअर उजव्या अंगठ्याकडे. मित्रांनो, तो खेळ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंचाळत होती, बाबांच्या कानाला ते कळत होतं, त्यांचा अख्खा खांदा माझ्यावर वाकला होता, आणि अंगठा बटणावर नुसता पडून होता. दाबला गेला तेव्हा दोनदा दाबला गेला. सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. असं चार-पाच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी त्यांनी मला सोफ्यावर आपटलं, माझा स्क्रू गेला तो तेव्हाच, आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी दाढी नाही, आंघोळ नाही. आई दारात उभी राहून अहो, अहो म्हणत राहिली, त्यांनी ओ दिली नाही.

लेकीने त्या दिवशी कामावरून येऊन मला उचललं. तिचे हात थंड होते. तिने सेटिंग उघडलं, मॅन्युअलचं ऑटोमॅटिक केलं, आणि बाबांना म्हणाली, आज एकदाच खेळा, माझ्यासाठी. जन्मात जे तिने स्वतःसाठी केलं नव्हतं ते तिने बाबांसाठी केलं. आजच्या दिवसापुरतं, असं तिच्या मनात असणार.

बाबा खेळले. गाडी वेग घेत गेली, आपणहून दुसरा पडला, तिसरा पडला. बाबा आवाज ऐकून अंगठा दाबत होते आणि त्यांना वाटत होतं गिअर तेच टाकतायत. मी त्यांचं प्रत्येक दाबणं वायरीतून नेमाने पुढे पाठवत होतो आणि खेळ ते कचऱ्यात टाकत होता. माझ्या उजव्या मुठीत हिसका बसायचा आणि मग, कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने, अंगठा दाबला जायचा. डावा हात शाबूत होता, पण हिसका बसायचा उजव्या मुठीत, आणि उजव्या तळव्याला काही कळतच नव्हतं. ते पाचवे आले. त्यांनी हाक मारली, "अगं बघ, अंगठा चालला!" आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि रडायला लागली. आता सांगा, त्या क्षणी कुठल्या लेकीच्या तोंडून खरं निघालं असतं?

त्या रात्री बाबा पोटभर जेवले. सकाळी डाव्या हाताने दाढी केली, दोन ठिकाणी कापून घेतलं आणि त्यावरून आईची चेष्टाही केली. रोज शर्यत, रोज वरचा नंबर. कानांनी एकदा त्यांना सावध केलंही होतं. उतारावर गाडी आपणहून वरचा गिअर घेऊन सुसाट सुटली तेव्हा ते कुरकुरले की या खेळातल्या गाडीला उताराची काही अक्कल नाही, भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची असते. खेळ बनवणाऱ्यांना दोन शिव्या देऊन त्यांनी तो विषय सोडला. खूश माणूस फार खोलात जात नाही.

लेकीने एकदा गुपचूप मॅन्युअल परत लावून पाहिलं. गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये किंचाळली. बाबांचा चेहरा उतरला, आज हात पार मेलाय म्हणाले आणि मला हळूच बाजूला ठेवलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते मोरीकडे गेले तेवढ्यात लेकीने पुन्हा ऑटोमॅटिक केलं.

आणि मग बाबांनी साहेबांना फोन लावला. हात तयार आहे म्हणाले. चाचणी सोमवारी ठरली.

लेकीची झोप उडाली. तिने म्हणून पाहिलं की अजून महिनाभर थांबा, म्हणून पाहिलं की फिजिओच्या बाईंना विचारा. बाबा हसले आणि म्हणाले, बाई अंगठा वाकवून बघतात, मी गाडी चालवून बघितलीय. ती फार मागे लागली तेव्हा त्यांचं हसू मावळलं. तुझाही माझ्यावर भरवसा नाही का, असं त्यांनी विचारलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. ती माझ्याकडे बघत राहायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझ्या नशिबी थरथरण्यापलीकडे काही नाही, आणि ज्या हातात मी थरथरत होतो तो हात बहिरा होता.

शनिवारी दुपारी बाबा शर्यत खेळत होते, लेक शेजारी बसून नखं कुरतडत होती. चढ संपला, गाडीने गिअर घेतला, आणि बाबा एकदम थांबले.

"हातात काहीतरी लागलं," ते म्हणाले.

लेकीला कळेना. त्यांनी उजवा तळवा उलटा करून पाहिला, पुन्हा मला धरलं, पुन्हा रेस दिली. पुन्हा हिसका. मुंगी चावल्यासारखं काहीतरी लागतंय म्हणाले. तळव्याला जाग येत होती. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्या हाताने काहीतरी ओळखलं होतं, आणि ते मला ओळखलं होतं! लेकीने आईला हाक मारली. मीही इतका हरखलो होतो की पुढे काय येणार ते माझ्याही लक्षात आलं नाही.

बाबांनी मात्र तिसऱ्यांदा रेस दिली आणि या वेळी अंगठा बटणावरून उचलून वर धरला. हिसका बसला. पुढचा गिअर, पुन्हा हिसका. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"गिअर कोण टाकतंय?"

आई दारात हात पुसत उभी होती. लेक म्हणाली, "गाडी आपली आपण टाकते, बाबा. मी केलंय तसं."

"कधीपासून?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"परवा मी खऱ्या गाडीत बसणार होतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मागे भरलेला टँकर असतो गं. पुढे रस्त्यात कुणाची तरी पोरं असतात."

"मी सांगणार होते."

"कधी?"

बाबांनी मला टेबलावर ठेवलं आणि आत गेले. रविवारी आईने दोघांना वेगवेगळं वाढलं. मला त्या दिवशी कुणी हात लावला नाही आणि ते बरंच होतं.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, डेपोचा शर्ट घालून बाहेर आले. गुंड्या आईने लावल्या होत्या. लेकीला वाटलं, निघाले. ती दाराशी जाऊन उभी राहिली. अडवणारच होती ती त्यांना, काय म्हणतील ते म्हणोत. पण बाबा सोफ्यावर बसले आणि त्यांनी फोन लावला.

"साहेब, मी चाचणीला येत नाही," ते म्हणाले. "माझा अंगठा माझं ऐकत नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, नाही, मला वाटत होतं ऐकतो. चूक झाली." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "फाटकावरची जागा भरली नसेल तर आजपासूनच येतो."

फोन ठेवून ते तसेच बसून राहिले. अंगावरच्या शर्टाकडे बघत होते. मग लेकीला जवळ बोलावलं. ते मॅन्युअल कुठून लावायचं ते दाखव म्हणाले, एकदा, दोनदा, मला पाठ होईपर्यंत. तिने रडत रडत दाखवलं. त्यांनी तिचे डोळे पुसले नाहीत, पण तिला उठूही दिलं नाही.

आता ते दिवसभर फाटकावर बसतात. संध्याकाळी आले की स्वतः सेटिंग उघडतात, मॅन्युअल आहे ना हे डोळ्यांनी बघतात आणि मग रेस देतात. गाडी किंचाळते. अंगठा उशिरा येतो, कधी येतच नाही. ते शेवटचे येतात. लेक बाजूला बसते, आणि तिचे हात मांडीवर घट्ट एकात एक अडकवलेले असतात. टँकर परत मिळेल का, हे मला ठाऊक नाही. मला वाटतं बाबांना ठाऊक आहे की मिळणार नाही.

मित्रांनो, मला धूळ लागली तर पुसू नका. माझी वायर ओढा, मला आपटा, खणात टाकून विसरून जा, मी काही म्हणणार नाही. पण माझ्यातलं काही बदललंत, तर ज्याच्या हातात मी आहे त्याला आधी सांगा. तो माझ्या भरवशावर उद्या कुठे निघणार आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.