न सांगता मोजलेला आकडा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, दंडाचा. दंडाला गुंडाळायचे, रबरी फुगा दाबून हवा भरायची आणि तबकडीवरचा काटा बघत रक्तदाब मोजायचा, हे माझे काम. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर माणसांना मिठ्या मारण्यातच माझा जन्म गेला. सध्या मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका स्वयंपाकघरात, सुतळीचे गुंडे आणि बरण्यांची झाकणे यांच्या सोबतीने खणात पडून असतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझे कापड गडद निळे होते आणि काटा नेमका शून्यावर टेकायचा. मला व्हर्नेटा स्लोन या नर्सच्या पिशवीत जागा मिळाली. ती काम करायची त्या कंपनीला सरकारने आमच्या भागातल्या गरिबांच्या औषधपाण्याचे कंत्राट दिले होते. त्या कंत्राटात एक अट होती. एखादे दुखणे निवडा, किती जणांचे ताब्यात आहे ते मोजा, सुधारणा करा, पुन्हा मोजा, आणि सुधारलेला आकडा पुढच्या वर्षीही टिकवून दाखवा. कंपनीने रक्तदाब निवडला. व्हर्नेटाच्या वाट्याला तीन खोऱ्यांतली एकेचाळीस माणसे आली. पहिल्या मोजणीत त्यांतल्या फक्त चौदा जणांचा रक्तदाब हद्दीत निघाला.

मग आम्ही दोघे कामाला लागलो. व्हर्नेटा आठवडाभर आधी फोन करायची, "सोमवारी येते हं," आणि सोमवारी आम्ही हजर. ती प्रत्येकाला पाच मिनिटे स्वस्थ बसवायची, पाय जमिनीला टेकवायला लावायची आणि मगच मला गुंडाळायची. मी खाणीत राबलेले दंड पाहिले, बाळंतिणींचे पाहिले, काठीसारखे वाळलेलेही पाहिले. मला सगळेच आवडायचे. वर्ष सरता सरता चौदाचे एकतीस झाले. कंपनीतले वरचे हॅस्केल साहेब खूश झाले. व्हर्नेटा गाडीत बसल्यावर मला थोपटायची आणि म्हणायची, "जिंकलो रे आपण." मी तर फुगलो होतोच.

माझा सगळ्यांत लाडका दंड डेलर्ड ॲम्बर्गी यांचा. अख्खे खोरे त्यांना काका म्हणायचे. खाणीतून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस. चर्चमध्ये ते ओळ द्यायचे. म्हणजे भजनाची एकेक ओळ आधी ते एकटे म्हणणार आणि मग सगळी मंडळी ती त्यांच्यामागून लांबवून म्हणणार. चाळीस वर्षे हा मान त्यांचा होता. आम्ही गेलो की मात्र ते सारखे खोकायचे. मी दंडाला असताना खोकला आला की काटा थरथरायचा. व्हर्नेटाला वाटायचे, खाणीतली धूळ छातीत बसली असणार. त्यांचा आकडा मात्र दर सोमवारी दृष्ट लागावी असा. एकशे छत्तीसच्या वर कधी गेला नाही.

एकदा निघताना त्यांच्या बायकोने, ओमाकाकूंनी, सफरचंदाच्या थरांचा केक ताटलीत बांधून दिला. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. तीन आठवड्यांनी व्हर्नेटाने मक्याची पावरोटी केली आणि जाता जाता ताटली परत करायला तिकडे वळली. फोन काही केला नाही. ताटली द्यायला कसला फोन करायचा?

गाडी थांबली तेव्हा काका ओसरीवर घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसले होते आणि गात होते. आवाज खणखणीत होता. खोकल्याचा मागमूस नव्हता. आम्हाला बघताच ते गप्प झाले.

"आज गं कशी काय?"

"ताटली द्यायला आले, काका. आलेच आहे तर मोजूनही घेऊ."

"आज नको. आज सोमवार कुठाय?"

"तुमच्या दंडाला वार कळतो की काय?"

काका हसले नाहीत. मला गुंडाळताना तो ओळखीचा दंड मला आखडल्यासारखा लागला. हवा सोडली आणि वरचा आकडा आला एकशे शहाऐंशी. व्हर्नेटाने पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजले. तोच आकडा आला. मला तर तो सांगायचीच भीती वाटली, पण काट्याला खोटे बोलता येत नाही.

ओमाकाकू दारात आल्या. "सांगा आता तिला. नाहीतर मी सांगते."

"तू गप गं."

"गप कशाला बसू? पोरी, तुझा फोन आला की यांच्या गोळ्या सुरू आणि खारवलेलं डुकराचं मांस बंद. तू गेलीस की गोळ्यांची डबी परत कपाटात. आणि हे एकटेच नाहीत. अख्खं खोरं तुझ्या फोनची वाट बघतं."

व्हर्नेटाने विचारले, "पण का?"

"तूच नाही का चर्चच्या जेवणात म्हणालीस," काका शेंगांकडे बघत म्हणाले, "आकडे उतरले नाहीत तर तुझी फेरी बंद होईल म्हणून? आकडा चांगला आला की तुझं तोंड कसं उजळायचं. तेवढं तरी आपल्या हातात आहे, म्हटलं."

"आणि गोळ्या रोज का नाही घेत?"

"खोकला येतो त्यांनी. ओळ द्यायला उभं राहायचं आणि मधेच ठसका? मरण आलं तर येऊ दे. ओळ अर्धी टाकून मी खाली बसणार नाही."

व्हर्नेटा म्हणाली, "काका, तुम्हाला झटका आला असता तर मी ते एकतीस घेऊन काय करणार होते?" मलाही फार वाईट वाटले. इतक्या मिठ्या मारल्या आणि मला कुणाच्याही मनातले कळले नव्हते.

पुढचे तीन आठवडे आम्ही फोन न करता दारोदार फिरलो. एकतीसचे एकोणीस झाले. हॅस्केल साहेबांचा फोन गाडीत आला.

"न सांगता जायला कुणी सांगितलं होतं तुला? नियमात कुठे लिहिलंय?"

"सांगून जा असंही नाही लिहिलेलं, साहेब."

"अगं, एकतीसच पाठव ना. खोटे थोडेच आहेत ते? मोजलेलेच आहेत. एकोणीस पाठवलेस तर तुझीच फेरी जाईल."

व्हर्नेटाने फोन ठेवला. मी तिच्या मांडीवर होतो. तिला खोऱ्यातली ही माणसे सोडायची नव्हती, तरी तिने एकोणीसच लिहिले.

अहवालात एक चौकोन होता, "सुधारणा का झाली नाही?" त्यात सगळे जण एकच वाक्य लिहायचे, रुग्ण ऐकत नाहीत. व्हर्नेटाने चार पाने जोडली. एकाला गोळीने लघवीला सारखे जावे लागते आणि तो शाळेची बस चालवतो. एकीला डबीवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. एकाला खोकला येतो आणि त्याला ओळ द्यायची असते. हद्दीबाहेरच्या बावीसही जणांची कारणे तिने लिहिली.

सरकारी तपासनीसांनी आकडा कमी म्हणून कंपनीला झापले आणि सुधारणेचा नवा आराखडा मागितला. आता आराखडा काय हवेतून काढायचा? कारणे फक्त व्हर्नेटाच्या पानांवर होती. मग तिची फेरी चालू राहिली. डॉक्टरांनी काकांची गोळी बदलली. पुढच्या वर्षी, एकालाही फोन न करता, एकेचाळीसांपैकी तीस जण हद्दीत आले. काकांचा आकडा एकशे बत्तीस होता, आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत त्यांचे गाणे ऐकू येत होते.

नंतर बॅटरीची यंत्रे आली. ती बटण दाबले की स्वतःच फुगतात. माझी नळी कडक झाली, निळा रंग विटला. व्हर्नेटा निवृत्त झाली आणि मी या खणात आलो. वर्षानुवर्षे मला कुणी हात लावला नाही. रुसलो होतो, खोटे कशाला बोलू?

गेल्या मंगळवारी दार वाजले. काठी टेकत, ऐंशीच्या घरातले डेलर्डकाका आत आले. रक्तदाब मोजायला त्यांना व्हर्नेटानेच कधीकाळी शिकवले होते.

"कुठाय तो जुना पट्टा? बस खुर्चीत. पाय टेकव खाली."

"काका, अहो फोन तरी करायचा."

"फोन केला असता तर खरी सापडली असतीस का?"

इतक्या वर्षांत मी व्हर्नेटाच्या दंडाला कधी बसलोच नव्हतो. तो बारीक झाला होता. काकांनी खणातल्याच ठोके ऐकायच्या नळ्या कानाला लावल्या, फुगा दाबला आणि हळूहळू हवा सोडली. एकशे बहात्तर.

व्हर्नेटा खिडकीकडे बघू लागली. "गोळ्या संपल्यात. महिना झाला. सगळ्यांच्या मागे धावले, आता स्वतःसाठी जायचा कंटाळा येतो."

"चल, ऊठ. गाडीत बस. घेऊनच येऊ," काका म्हणाले. त्यांनी मला खणात परत ठेवले नाही. घडी करून स्वतःच्या कोटाच्या खिशात घातले.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची नळी तेवढी अधूनमधून तपासत जा. आणि जे आपल्यावर माया करतात त्यांना चांगला आकडा दाखवू नका, खरा दाखवा. अधूनमधून न सांगता त्यांच्या दारात जा. जाताना ताटली रिकामी नेऊ नका.