उत्तरेचा बाण

"अनू, दार उघड गं, हात मोडले माझे!"

जिन्यातूनच आवाज आला तेव्हा अनुपमा सईला पायांवर घेऊन थोपटत होती. पोरीचा नुकता कुठे डोळा लागला होता, तो खाडकन उघडला. अनुपमाला पहिला राग आला तो याचा. बाकीचे सगळे राग त्याच्या मागून आले.

दारात वसुधा. काखेत ट्रेसिंग पेपरची लांब नळी, खांद्याला शबनम, उन्हाने लाल झालेलं नाक. आर्किटेक्चरच्या कॉलेजातली तिची मैत्रीण, पार्ल्याची. तीन वर्षं दोघींचे ड्रॉइंग बोर्ड एकमेकींना चिकटून असायचे. तिन्ही वर्षं अनुपमा पहिली, आणि वसुधा कधी तिसरी, कधी पाचवी. मग आजोबांना डोळ्यांदेखत नातीचं लग्न बघायचं होतं, स्थळ चांगलं होतं, आणि जयवंत म्हणालाच होता, "शीक की लग्नानंतर, कोण नको म्हणतंय?" खरंच कोणी नको म्हटलं नाही. फक्त चौथ्या वर्षाच्या मध्यावर सई पोटात राहिली. आधी एक सत्र सुटलं, मग वर्ष सुटलं, मग लोकांनी विचारणंही सोडलं. अनुपमाचा बोर्ड आता पलंगाखाली होता. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी त्याच्यावर सांडगे घातले होते. "फळी मात्र छान सपाट आहे हो तुझी," असं कौतुकही केलं होतं.

"पार काकूबाई झालीस गं!" वसुधा जमिनीवर फतकल मारत म्हणाली. "आणि हे काय, वजन उतरलंय की काय? झोपतेस की नाही?"

"हिला विचार," अनुपमाने सईकडे बोट दाखवलं. "काय काढलंयस?"

वसुधाने नळीतून ट्रेसिंग सर्रकन बाहेर काढले. आठवड्यावर आलेली एका ट्रस्टची स्पर्धा होती. मुंबईतल्या सगळ्या कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाची मुलं तिच्यात उतरणार, आणि जो पहिला येईल त्याला वर्षभर परदेशात शिकायला पाठवणार. जागा एकच. अनुपमाला ही स्पर्धा ठाऊक होती. पहिल्या वर्षाला असताना एका सरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "ही मुलगी एक दिवस ते बक्षीस घेऊन जाणार बघा." त्या दिवशी बाकावर शेजारी वसुधाच होती. आता तिला ते आठवत होतं की नाही कोण जाणे.

"मनोरीच्या कोळ्यांसाठी घरं," वसुधा सांगायला लागली. "मार्व्याहून होडीने गेले चार-पाच वेळा. अगं, मासळी विकून बायका घरी येतात ऐन दुपारी आणि लगेच चुलीपाशी बसतात. पश्चिमेला समुद्र, तिकडनंच ऊन. त्यांची आत्ताची स्वयंपाकघरं नुसत्या भट्ट्या आहेत. म्हणून मी सगळी स्वयंपाकघरं पूर्वेला, खाडीकडे नेली. बाई सावलीत बसेल. बस्स, एवढीच आयडिया."

एवढीच. अनुपमाच्या पाठीवरून घाम ओघळत होता. तिचं स्वतःचं स्वयंपाकघर पश्चिमेला होतं. रोज दुपारी खिडकीला ओलं लुगडं टांगल्याशिवाय तिथे उभं राहवत नसे. दोन वर्षं ती त्या भट्टीत उभी होती आणि ही आयडिया सुचली ती होडीत बसून फिरणाऱ्या वसुधाला.

"छान आहे," ती म्हणाली.

"इंकिंग आणि अक्षरं करशील? माझं अक्षर तुला माहितीये. पेन्सिलीत सगळं झालंय. फक्त हात दे गं, डोकं नको."

हा त्यांच्या वर्गाचा जुना नियम. सबमिशन आलं की सगळे एकमेकांच्या शीटवर शाई फिरवायला जायचे. पण जाणाऱ्याने हात द्यायचा, डोकं द्यायचं नाही. 'ही खिडकी इकडे का?' असं एकदा सुरू झालं की शीट कधीच पूर्ण होत नसे. आणि ज्याची शीट असेल त्याने कुणाचं नाव घ्यायचं नाही, आभारही मानायचे नाहीत. नियम अनुपमानेच केला होता. तेव्हा सगळे तिच्याकडेच डोकं मागायला यायचे.

"ठेवून जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सई झोपल्यावर तिने बोर्ड ओढून काढला. सांडग्यांचे तेलकट गोल अजून होते. पुसले. शाईचं रोट्रिंग पेन कोमट पाण्यात घालून हलवलं, तेव्हा कुठे त्यातला काळा थेंब सुटला. चुकलेली शाई खरवडायचं अर्धं ब्लेड तिने कपाटावर, पार भिंतीला लावून ठेवलं आणि तरीही दोनदा उठून सईच्या मुठी उघडून पाहिल्या. मग पहिली रेघ ओढली.

हात विसरला नव्हता. रेघ अशी गेली की तिचं तिलाच हसू आलं.

आधी तिने सगळ्या वस्तीचा नकाशा केला. डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी, मधे घरांच्या रांगा, सगळ्यांची स्वयंपाकघरं उजव्या अंगाला. मग एका घराचा मोठा नकाशा घेतला. ओटी, खोली, मोरी, चूल. निम्म्यावर आली आणि पेन थांबलं.

चूल डावीकडे होती.

तिने दोन्ही ट्रेसिंग शेजारी ठेवून पाहिले. मग मोठा कागद उचलून उलटा धरला, खिडकीच्या उजेडात. आता चूल बरोबर उजवीकडे. म्हणजे वसुधाने खालचा कच्चा कागद पालथा पडलेला असतानाच त्याच्यावर नवा ठेवून गिरवला होता. ट्रेसिंगमधून पेन्सिल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, आणि अक्षरं शेवटी घालायची असल्यामुळे सुलटं काय, उलटं काय, सांगायला कागदावर काही नसतं. पहिल्या वर्षाची पोरं करतात ही चूक. घाईत मोठीही करतात.

घर आरशातलं झालं होतं. वसुधाच्या त्या सगळ्या कोळणी पुन्हा पश्चिमेच्या उन्हात जाऊन बसल्या होत्या.

अनुपमाने पेनला टोपण लावलं. खालच्या वाण्याकडे फोन होता. "वसू, घोळ झालाय" एवढंच म्हणायचं होतं. वसुधा धावत आली असती आणि दोघींनी बसून एका दुपारीत सगळं निस्तरलं असतं. तिने सईवरचं पांघरूण नीट केलं. पायात चप्पल घातली. दारापर्यंत गेलीसुद्धा. मग तिला वसुधाचा आवाज आठवला. तो आनंदी, घाईतला, कसलाही वाईटपणा मनात नसलेला आवाज: डोकं नको.

बरं, तिने चप्पल काढत मनाशी म्हटलं. नको तर नको.

उरलेलं घर तिने गिरवलं. तसंच, आरशातलं. खाली सुंदर, सारख्या उंचीच्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, की स्वयंपाकघर पूर्वेला, दुपारच्या सावलीत. आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, टोक वर करून उत्तरेचा बाण काढला. बाण नसता तर घराला दिशाच नव्हती. कुणी काही म्हणू शकलं नसतं. बाण आला आणि चूल पश्चिमेची झाली. तो तिने फार जपून काढला, गोल, टोकदार, एकदाही न खरवडता.

निकालाच्या दिवशी ती पार्ल्याच्या हॉलमध्ये सईला कडेवर घेऊन गेली. "एवढ्या गर्दीत बाळाला कशाला?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "मैत्रीण आहे आई माझी," असं तिने सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. भिंतींवर शीट्स लागल्या होत्या. परीक्षक एकेका मुलापाशी थांबून प्रश्न विचारत होते आणि मागे घोळका सरकत होता. वसुधापाशी आले तेव्हा अनुपमाने सईला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

त्यांच्यातले एक म्हातारे परीक्षक मोठ्या नकाशासमोरच उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवला, कागदाला नाक लावलं. बाणाजवळ. आता, अनुपमाला वाटलं. आता.

"पूर्वेचं स्वयंपाकघर," ते खालची ओळ वाचत म्हणाले, "वा! बायकांचा विचार करतं कोण हल्ली? आणि हे लेटरिंग कुणाचं?"

"माझंच सर," वसुधा म्हणाली. नियमाप्रमाणेच म्हणाली. पण तिचा चेहरा पांढराफटक होता.

पुढे तासाभरात पहिली म्हणून वसुधाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्यांनी दचकून सई रडायला लागली, आणि अनुपमाला तिला घेऊन बाहेर यावं लागलं. रडणाऱ्या पोरीचे इतके मुके तिने कधी घेतले नव्हते.

दोन दिवसांनी वसुधा पेढे घेऊन आली. बसली. चहा झाला. पासपोर्ट, स्वेटर, आईची रडारड, सगळं बोलून झालं. मग ती कपाची कड बोटाने पुसत राहिली.

"अनू, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. तो मोठा प्लॅन मी उलटा ट्रेस केला होता. शीट लावल्यावर लक्षात आलं. अगं, माझी वाट लागली होती तिथे! ते म्हातारे चष्मा वर करून बघत होते ना, वाटलं, संपलं. एकालाही दिसलं नाही. सगळ्यांनी ओळ वाचली, घर कुणी बघितलंच नाही."

"हं," अनुपमा म्हणाली.

"रात्रभर विचार करत होते, तुला कसं नाही दिसलं?" वसुधाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मायेनेच ठेवला. "मग म्हटलं, बिचारीची झोप नाही, कडेवर पोर, कुठून दिसणार? पूर्वीची अनू असती तर तीन हातांवरून ओरडली असती. जाऊ दे गं. बाळ झालं की होतंच असं."

अनुपमा गुडघ्यावरच्या त्या हाताकडे बघत राहिली. 'हो ना, लक्षातच आलं नाही,' एवढं म्हणायचं होतं. वसुधा निश्चिंत गेली असती, तिकडून कार्डं पाठवली असती, सईला बाहुली आणली असती. सगळं नीट राहिलं असतं. फक्त जगात एक माणूस कायमचं म्हणत राहिलं असतं की अनुपमाला आता दिसत नाही.

"दिसलं होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"निम्म्यावर असताना. चूल डावीकडे आली तेव्हाच."

वसुधा हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्यामागचं सगळं निघून गेलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस, डोकं नको."

सई पेढ्याच्या पुड्यात हात घालून बसली होती.

"आणि बाण?" वसुधाने हळू विचारलं. "बाणही तूच काढलास ना?"

"हो."

वसुधाने हात काढून घेतला. उठली, शबनम शोधली, समोरच असून तिला ती सापडेना. दारात चप्पल घालताना तिने एकदा वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता, पाणीही होतं, पण त्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती जी अनुपमाने लगेच ओळखली. तीन वर्षं निकालाच्या दिवशी वसुधा तिच्याकडे अशीच बघायची. थोडी दबून. लग्न झाल्यापासून असं कुणी बघितलं नव्हतं.

चपलांचा आवाज जिना उतरून गेला. ती आता कार्ड पाठवणार नव्हती. अनुपमाने सईच्या मुठीतला पेढा सोडवला, उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला. गोड होता. मग ती स्वयंपाकघरात गेली. ऊन ओट्यावर येऊन पोचलं होतं. तिने लुगडं बादलीत बुडवलं, पिळलं आणि खिडकीला टांगलं.