वर्दी उतरवण्याआधी

माझा जावई रॉइस टटल वीस वर्षं तोफखान्यात होता आणि त्या वीस वर्षांत त्याने कॉलेजचं एक पुस्तक हातात धरलं नाही. त्याच्या हाताखालची पोरं मात्र संध्याकाळी छावणीतल्या कॉलेजात जायची. छावणीच्या जिवावर चालणाऱ्या आमच्या लॉटन गावात यात नवल काहीच नाही. ते कॉलेज चालतंच सैनिकांच्या सोयीने. दिवसा तोफा डागा, संध्याकाळी निबंध लिहा, सरावाला रानात गेलात तर तिथून फोनवरून पाठवा. रॉइस त्या पोरांच्या हात धुऊन मागे लागायचा. "नाव घाल, गाढवा, एवढी सोय पुन्हा मिळायची नाही!" आणि मी त्याचं स्वतःचं विचारलं की म्हणायचा, "माझं मी डेलासाठी राखलंय, मिस व्हर्ना."

डेला माझी नात. तिला घोड्यांची डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी मुली म्हणतात तसं नाही. पोरगी दर शनिवारी तबेल्यात शेण उपसायची आणि तशीच वास मारत माझ्या सोफ्यावर येऊन बसायची. ते शिक्षण आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण सैनिकाला नोकरीच्या बदल्यात कॉलेजच्या चार वर्षांचा खर्च मिळतो आणि तो त्याला मुलांना देता येतो. रॉइस त्यातलं काहीच खर्च करत नव्हता. मी त्याच्याशी पहिल्यापासून जरा फटकूनच वागत आले, कबूल आहे. माझ्या मुलीने याहून चांगला नवरा करायला हवा होता. पण या एका बाबतीत मला त्याचं फार कौतुक होतं. असा बाप मी या गावात दुसरा पाहिला नाही.

त्याच्यात खोड एकच. तोफखान्यातल्या माणसांचे कान लवकर जातात. सरकार ऐकण्याचं यंत्र देतं आणि ते कपाटात पडून राहतं. नीट ऐकू आलं नाही तर "काय?" म्हणणं रॉइसला कमीपणाचं वाटायचं. तो सरळ मान डोलवायचा. माझी मुलगी जॅनीन जेवताना मुद्दाम हळूच म्हणायची, "रॉइस, उद्या तुझा ट्रक विकून टाकते हं." तो मान डोलवायचा आणि तळलेल्या भेंडीचा वाडगा पुढे ओढायचा. आमची हसून हसून पुरेवाट व्हायची.

जूनमध्ये तो निवृत्त झाला. भाषणं झाली, जॅनीनला गुलाबांचा गुच्छ दिला, बँड वाजला. संध्याकाळी आमच्या अंगणात मासे तळले, आणि त्याच्या हाताखालच्या पोरांनी त्याला उचलून नाचवलं. मीसुद्धा डोळे पुसले.

शरद ऋतूत डेलाने कॉलेजांची तयारी सुरू केली, तेव्हा एका सकाळी आम्ही तिघं छावणीतल्या शिक्षण कार्यालयात गेलो. जॅनीन कामावर होती म्हणून मी. रॉइसने इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलामागे लांब वेणी घातलेली एक हसतमुख बाई होती.

"मुलीच्या नावावर कधी करून दिलंत, सार्जंट?" तिने विचारलं.

"करून काय द्यायचं त्यात? जन्मली त्या आठवड्यातच सैन्याच्या दप्तरात नाव घातलंय की." त्याने डेलाचं छावणीचं कार्ड टेबलावर ठेवलं. त्या कार्डावर पोरीचे दात सरळ झाले होते, हात मोडला तेव्हा बसवला होता, पोहण्याचा तलावही त्याच्यावरच. बापाने एकदा नाव घातलं की सगळं आपोआप मिळतं, असंच त्याला इतकी वर्षं दिसत आलं होतं.

"हे तसं नसतं हो. हे वेगळं द्यावं लागतं. आणि वर्दी अंगावर आहे तोवरच."

"मी जूनमध्ये निवृत्त झालो."

"मग आता नाही होत."

रॉइसने मान डोलवली. मला वाटलं, झालं, याला काही ऐकूच गेलं नाही. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानापाशी ओरडले, "नाही होत म्हणतेय ती!" सगळं कार्यालय आमच्याकडे बघायला लागलं.

"ऐकलं मी, मिस व्हर्ना," तो म्हणाला.

बाई बिचारी चांगली होती. म्हणाली, निवृत्तीआधी सगळ्यांना बसवून हे सांगतात, तुम्हालाही सांगितलं असेल. सांगितलंच असणार. तो शेवटच्या रांगेत बसला असणार, आपल्या पोरांबरोबर, आणि प्रत्येक गोष्टीला मान डोलवली असणार. मग तिचा चेहरा उजळला. "पण वाया नाही जात हं! तुम्ही स्वतः वापरू शकता. संध्याकाळचे वर्ग आहेत, घरबसल्याही करता येतं, नोकरी सांभाळून. तुमच्यासारख्या संसारी माणसांसाठीच तर आहे सगळं!" ती इतक्या आनंदाने सांगत होती की मला तिची वेणी ओढावीशी वाटली.

जॅनीनने रात्री सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं तू एकच गोष्ट राखलीस, रॉइस." त्यापेक्षा तिने ताटं आपटली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तो आम्हाला न सांगता सैन्याच्या कचेरीत गेला. मला परत घ्या म्हणाला, हवी तितकी वर्षं राबतो, कुठेही पाठवा. त्यांनी त्याचे कान तपासले आणि घरी पाठवलं. त्या दिवसापासून यंत्र कपाटातून निघालं ते कायमचं त्याच्या कानात गेलं. मला ते बघून इतकं वाईट वाटायचं की मी त्याला टोमणे मारणंच सोडलं.

डेलाने शिष्यवृत्त्यांसाठी जंग जंग पछाडलं. थोडं मिळालं, पुरेसं नाही. जानेवारीत तिनेच बापाचं नाव कॉलेजात घातलं. "निदान ते पैसे सडवू नकोस, डॅडी." तो टायरच्या कारखान्यातल्या नव्या नोकरीवरून सुटला की वर्गात जायचा, आपल्या मुलीच्या वयाच्या शिपायांबरोबर बसायचा आणि घरी आला की जेवणाच्या टेबलावर बीजगणित मांडायचा. डेला शिकवायची.

"क्ष पलीकडे गेला की चिन्ह बदलायचं, डॅडी."

"का?"

"का काय? नियम आहे."

"नियम आधी सांगायचा असतो," तो म्हणाला. मी उगाचच नळ सोडून धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

एप्रिलमध्ये एका रविवारी डेलाने सैन्याच्या भरतीवाल्याला घरी बोलावलं. आम्हाला आदल्या दिवशी सांगितलं. रॉइस आयुष्यभर म्हणत आला होता, या घरातून वर्दी घातली ती मी, पुढे कुणी नाही. तो रागाने उभाच राहिला. "वेड लागलंय तुला? तू घोड्यांची डॉक्टर होणार आहेस!"

"होणारच आहे. पण आधी माझं मी कमावते. दुसरा रस्ता दाखव, मी जाते त्याने."

रॉइस पुन्हा खाली बसला.

भरतीवाला सार्जंट मोझली पोरगाच होता, गालावर नीट दाढीसुद्धा नव्हती. त्याने मी केलेला पीच फळांचा गोड पदार्थ दोनदा मागून घेतला. डेलाला अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश होता, म्हणून आईबापांच्या सह्या लागत होत्या. जॅनीनने न वाचता सही केली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. रॉइसने पेन घेतलं आणि नुसतंच धरून बसला.

"एक विचारायचंय," डेला मोझलीला म्हणाली. "कॉलेजचं जे मिळेल, ते मी माझ्या मुलाला कधी देऊ शकते?"

मोझली हसला. "मूल आहे तुला?"

"नाही. पण आत्ताच सांगा."

त्याला नक्की माहीत नव्हतं. तो फोनमध्ये शोधायला लागला. पोरीने अजून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि ती न जन्मलेल्या लेकराची तजवीज करत होती.

"सहा वर्षं झाली की देता येतं," रॉइस म्हणाला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. "वर चार वर्षं थांबायचं कबूल करावं लागतं. आणि वर्दी अंगावर असतानाच. उतरवल्यावर एक दिवससुद्धा चालत नाही."

"बरं, डॅडी."

"बरं नको. परत म्हण."

"डॅडी..."

"म्हणून दाखव, डेला."

तिने म्हणून दाखवलं. सहा वर्षं, वर चार, वर्दी अंगावर असतानाच. तो एका हाताने कानातलं यंत्र घट्ट दाबून तिचा शब्दन् शब्द ऐकत होता. ती थांबल्यावर त्याने सही केली. मी मोझलीची बशी उचलून आत निघून गेले, कारण त्या दोघांकडे मला बघवेना.