दहा सेकंद थांब

मी एक ओळ बोलतेय, रुग्णवाहिका पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधली. माझा हुकूम एवढाच: दहा सेकंद थांब.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझा जन्म झाला. गाड्यांची यादी यायच्या आतच स्क्रीन उघडायची आणि कोरी दिसायची. यादी आली की स्क्रीनला कळवायचं, एवढंच करायला हवं होतं. त्याला दोन दिवस लागले असते. दादांनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरने, मला लिहून टाकलं. म्हणाले, तात्पुरती आहे.

सहा वर्षं झाली. दादा बढती मिळून मोठ्या साहेबांच्या शेजारच्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच.

लोक म्हणतात, प्रोग्रॅमर आळशी असतात. खोटं आहे. घाबरट असतात. त्या ऑफिसात काही बिघडलं की आधी बघतात, शेवटचा हात कुणाचा. शिवाय दर शुक्रवारी साहेबांना काहीतरी नवं दाखवायचं असतं. निळं बटण हिरवं केलं तरी टाळ्या पडतात.

मग एक मुलगी आली, सहा महिन्यांच्या बोलीवर.

"दादा, ही ओळ काढून नीट लिहू? यादी आता सेकंदात येते. नऊ सेकंद फुकट जातात."

"चालतंय ना? मग कशाला उकरतेस? शुक्रवारी काय दाखवशील, नऊ सेकंद? आधी पक्की हो बाई, मग जग सुधार."



पुढच्या आठवड्यात तिला फोन घेणाऱ्या बाईंकडे धाडलं, ते हिरवं बटण समजावायला. तेवढ्यात फोन आला. कुणाचे तरी वडील निळे पडत होते.

"पत्ता सांगा भाऊ... परत एकदा सांगा." गाडी सुटल्यावर बाई तिला म्हणाल्या, "पहिल्यांदा सांगतात तेव्हाच कळतो गं पत्ता. पण स्क्रीन उघडेपर्यंत काय करायचं? माणसाला वाटायला हवं ना, काहीतरी चाललंय."

वडील वाचले का, ते मला कुणी कळवत नाही.

मुलीने परत येऊन मला काढलं. तीन दिवस लिहिलं, तपासलं, खाली स्वतःचं नाव टाकलं. काहीही बिघडलं नाही. मी आता जुन्या नोंदींत पडून आहे. परत बोलावू नका, एवढंच मागणं.

'न विचारता हात लावला', असा शेरा मारून दादांनी तिला घरी बसवलं. ती सामान भरत होती तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "हुशार आहेस गं. पण घाई नडली तुला."

मी सहा वर्षांची होते.