भिवराबाईच्या वाटणीची विनंती

चौसाळ्याच्या ख्रिस्ती मंडळीकडे पत्र्याचं चर्च होतं, एक मृदंग होता, छपरावर बाजारपेठेकडे तोंड केलेला भोंगा होता आणि गावात मोबाईल फक्त गुत्तेदार-ठेकेदारांच्या हातात दिसायचे त्या काळात चक्क एक वेबसाईटही होती. यातली शेवटची गोष्ट भिवराबाई सगळ्यात आधी सांगायची. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला कंडक्टर येण्याच्या आत ती ऐकवून टाकायची, "आमचं चर्च इंटरनेटवर हाय." ती बाई विचारायची, ते कुठं आलं? भिवराबाई बोट वर करून बसच्या टपाकडे दाखवायची. तिला तरी कुठं ठाऊक होतं!

वेबसाईट पाळकसाहेबांच्या पुण्यातल्या भाच्यानं करून दिली होती. तिच्यावर क्रूसाचं चित्र होतं, शास्त्रातलं एक वचन होतं आणि खाली प्रार्थनेची विनंती लिहून पाठवायची जागा होती. गावाचं नाव घालायचं मात्र राहूनच गेलं होतं. पाळक शलमोन आवचार दर शनिवारी बीडला जायचे आणि बसस्टँडमागच्या सायबर कॅफेतून आलेल्या विनंत्या छापून आणायचे. तिथं तासावर पैसे पडतात म्हणून वाचत बसायचे नाहीत. रविवारी उपासनेत माईकसमोर उभे राहूनच ते पहिल्यांदा कागद उघडायचे. लोक मराठी लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे साहेबांचं वाचन चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं चालायचं. वाचून झालं की जो उठून "ही माझी" म्हणेल त्याच्या हाती कागद जायचा. मग आठवडाभर ती विनंती त्या घराची. सकाळी चूल पेटण्याआधी आणि रात्री दिवा मालवण्याआधी त्या माणसासाठी गुडघे टेकायचेच. अशी वाटून घ्यायची वहिवाट दुसऱ्या कुठल्या मंडळीत नाही, असं भिवराबाईचं म्हणणं होतं आणि तिला खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

भिवराबाईचा जन्म मिशनच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया म्हणून गेला. नवरा लवकर वारला, पोरबाळ झालं नाही. नोकरी संपल्यावर ती गावी येऊन एका खोलीत राहू लागली. घरात नाव घ्यायला कुणी नाही, म्हणून येतील तेवढ्या विनंत्या ती ओढून घ्यायची. वाचता येत नसलं तरी एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. दुबईतल्या एका ड्रायव्हरचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवला होता, तो तिच्या वाटणीला आला. पुढं कित्येक रविवार ती उपदेश सुरू व्हायच्या आत उभी राहून विचारायची, "साहेब, माझ्या दुबईवाल्याचं काय झालं?" त्याचा पासपोर्ट सुटल्याचं कळलं त्या दिवशी तिनं सगळ्या आळीला गूळ-शेंगदाणे वाटले आणि कहाणीही वाटली. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे तिचे दुश्मनच नव्हे तर तीही मान्य करायची. पण यात काही बिघडतंय असं कुणालाच वाटलं नव्हतं. इंटरनेटवरून येणारी माणसं लांबची. त्यांचं दुःख चौसाळ्याच्या भोंग्यावर ऐकलं काय आणि न ऐकलं काय! पाळकसाहेबांपासून मृदंगवाल्या राधाकिशनपर्यंत सगळेच असं धरून चालले होते.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी साहेबांनी कागद उघडला आणि अडखळत वाचायला लागले.

"माझ्या आईसाठी प्रार्थना करा. आमचं... कापडाचं दुकान आहे. आई गादीवर बसते. महिना झाला... तिचा उजवा हात वर होत नाही. गिऱ्हाईक आलं की कापड फाडायला ती मला... आतून बोलावते..."

भिवराबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. गुरुवारीच ती वैजिनाथ शेटजींच्या दुकानात पोलक्याचं कापड घ्यायला गेली होती. शेटजींची बायको शांतादेवी, जिला सगळं गाव शांताक्का म्हणे, एरवी कापडाला कात्रीचं जरासं टोक लावून एका झटक्यात फाडायची. गुरुवारी तिनं डाव्या हातानं मोजलं आणि लेकीला हाक मारली. बीडला रोज कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी रुद्राणी बाहेर आली आणि आईकडे न बघता तिनं कापड फाडून दिलं. तेव्हा भिवराबाईला वाटलं, मान लचकली असेल.

"...कारण तिच्या छातीत..." साहेब वाचत होते.

डोक्यावर भोंगा होता. त्याचं तोंड बाजारपेठेकडे होतं आणि बाजारपेठेत वैजिनाथ शेटजी उघड्या दुकानात बसले होते. रुद्राणीची सोयरीक गेवराईच्या घरात जमत आली होती, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं.

भिवराबाई उठली, माईकपाशी गेली आणि तिला येत असलेलं सगळ्यात लांब भजन तिनं फुटक्या आवाजात, जीव तोडून सुरू केलं. साहेब बघतच राहिले. राधाकिशनचे हात सवयीनं मृदंगावर पडले आणि बायकाही सवयीनं टाळ्या वाजवायला लागल्या. कडव्यामागून कडवं निघालं. एक कडवं तर तिनं दोनदा घेतलं. गाता गाताच तिनं साहेबांच्या हातातला कागद काढून घेतला आणि कमरेला खोवला.

उपासना सुटल्यावर मंडळीचे पंच बसले.

"भिवराबाई, परमेश्वराच्या घरात हे काय केलंत?" साहेबांनी विचारलं. "लोकाची विनंती अर्धवट तोडली. कशासाठी?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"पर कावून केलं, ते तरी सांग की," बायडाबाई म्हणाली. ही शेजारीण बायांच्या मंडळाची पुढारी होती आणि भिवराबाईशी तिचं कधी पटलं नाही. "म्हातारपणी माईकचा सोस आला व्हय?"

सांगावंसं तिला फार वाटलं. इतकी मोठी गोष्ट पोटात घेऊन ती आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती. पण साहेबांना सांगितलं तर साहेब आपल्या बायकोला सांगणार, ती प्रार्थनेसाठी म्हणून बायडाबाईला सांगणार, आणि तिथून पुढचा रस्ता भिवराबाईइतका कुणाला ठाऊक होता? त्याच रस्त्यानं तिनं आजवर किती बातम्या हाकल्या होत्या!

"आला सोस," ती म्हणाली. "काय द्यायची ती शिक्षा द्या. पर साहेब, एक ऐका. विनंत्या वाचताना भोंगा बंद ठिवत जा."

शिक्षा अशी झाली, की नव्या वर्षापर्यंत भिवराबाईला एकही विनंती मिळणार नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसरं काही काढून घेतलं असतं तर तिनं हसून दिलं असतं. घरी जाऊन तिनं तो कागद चुलीत घातला. बायकांच्या वॉर्डात तिनं उमर घालवली होती. वर न होणारा हात आणि छातीतलं दुखणं यांचा अर्थ सांगायला तिला पुढच्या ओळी नको होत्या. तिथं वेळेवर आलेल्या बाया घरी जाताना तिनं पाहिल्या होत्या आणि उशिरा आलेल्यांचे हात हातात धरले होते.

सोमवारी शेटजी माल आणायला सोलापूरला गेल्याचं बघून ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

"काय पाहिजे, भिवराबाई?" शांताक्कांनी विचारलं.

भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. "काय न्हाई, अक्का. माझ्या छातीत गाठ आलीया. बीडला डॉक्टरीणबाईकडं जायचंय, पर एकटीला लई भ्या वाटतंय. मला कोण हाय सोबतीला?"

खोटं बोलू नये, ही आज्ञा ती चर्चमधल्या लेकरांना पाठ करवून घ्यायची. मनातल्या मनात ती म्हणाली, प्रभू, हे माझ्या नावावर मांड, आपण नंतर बघू.

शांताक्कांचा चेहरा पांढरा पडला. डाव्या हातानं त्या कापडाच्या थानाची घडी सारखी करत राहिल्या. स्वतःसाठी त्या बीडच्या दवाखान्याची पायरी चढल्या नसत्या, पण दाराशी रडणाऱ्या बाईला नाही म्हणायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"रड नको," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येते."

बीडला दवाखान्यात भिवराबाईचा नंबर आधी लागला. आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं. "बाई, मला काय बी झालं न्हाई. दुखणं बाहेर बसलेलीला हाय, पर ती सांगायची न्हाई. तिला म्हणा, आलाच हायसा तर तुमीबी दाखवून घ्या. एवढं करा, पाया पडते." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काहीच न विचारता मान हलवली. शांताक्का आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी होती.

परतीच्या गाडीत शांताक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पोरीचं जमूस्तोर कुणाला कळू द्यायचं नव्हतं मला. मालकांनासुद्धा नाही. डॉक्टरीण म्हणाली, आणखी थांबला असता तर हातचं गेलं असतं." मग त्यांनी वळून विचारलं, "तुझी गाठ कशी निघाली गं?"

"बारकी हाय म्हणत्यात. गोळ्या दिल्यात," भिवराबाई म्हणाली. एकदा पाण्यात उतरल्यावर गुडघ्याएवढं काय आणि कमरेएवढं काय, असा तिनं विचार केला.

पुढं शेटजींना कळलं, शांताक्कांना औरंगाबादला नेलं, ऑपरेशन झालं. गावात नाही नाही ते तर्क उठले. बायडाबाईनं भिवराबाईला कितीदा टोकरून पाहिलं. तू गेलतीस म्हणं तिच्यासंगं बीडला? भिवराबाई म्हणायची, "एका गाडीत व्हतो, बाई." तिच्या जन्मातली ही सगळ्यात मोठी बातमी होती आणि ती तिनं गिळून टाकली. रविवारी कागद दुसऱ्यांच्या हातात जाताना बघून तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. तरी ती मान ताठ ठेवून पहिल्या ओळीत बसायची. आपण काय केलं हे आपल्याला आणि प्रभूला ठाऊक, या गोष्टीची एक नवीच ऐट तिच्या अंगात आली होती.

नाताळच्या आधीच्या रविवारी साहेबांनी भोंगा बंद केला आणि कागद उघडला.

"मी मागे... आईसाठी विनंती पाठवली होती. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही. पण तुमची प्रार्थना पोचली. आईचं ऑपरेशन झालं. माझं जमत आलेलं लग्न मोडलं. पण आई आहे."

चर्चमध्ये कुणीतरी मोठ्यानं "आमेन" म्हणालं. भिवराबाईनं दोन्ही हातांनी सतरंजी घट्ट धरली.

"आता एक दुसरी विनंती आहे. आमच्या गावात एक बाई आहे. तिला कुणी नाही. तिलाही आईसारखीच गाठ आहे. ती भीतीनं आमच्या दारात आली म्हणून आई तिच्यासोबत दवाखान्यात गेली. तिला ठाऊकही नाही की तिच्यामुळे माझी आई वाचली. आमच्याकडं सगळे आहेत, तिच्याकडं कुणी नाही. तिचं नाव लिहीत नाही. तिचं दुखणं चारचौघांत व्हायला नको. पण तिच्यासाठी कुणीतरी रोज प्रार्थना करा."

इंटरनेटवरची माणसं लांबचीच, असं अजूनही सगळे धरून होते. साहेबांनी कागदावरून डोळे वर केले. "कोण घेतं?"

शिक्षा तर होतीच, पण आज शिक्षा नसती तरी भिवराबाईच्यानं उठवलं नसतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांसाठी गुडघे टेकले. तिच्यासाठी कुणी विनंती पाठवेल, तीही इंटरनेटवरून, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मागून बायडाबाई उठली. "ही माझी," ती म्हणाली आणि डोळे पुसत कागद घेऊन गेली. मग सगळी मंडळी उभी राहिली आणि त्या एकट्या बाईसाठी प्रार्थना झाली. भिवराबाई पदर डोक्यावर ओढून त्यांच्यातच उभी होती. शेवटी "आमेन" म्हणाली ती इतकं हळू, की शेजारणीलाही ऐकू गेलं नाही.

पुढच्या रविवारी उपदेश सुरू व्हायच्या आत बायडाबाई उभी राहिली. "साहेब, माझ्या गाठवालीचं काय झालं? काय कळलं का?"

"अजून काही निरोप नाही," साहेब म्हणाले.

"रोज करतीया मी तिच्यासाठी. पहाटंच उठून करतीया."

पहिल्या ओळीतून भिवराबाईनं मागं वळून पाहिलं.

"बरी आसंल ती, बायडाबाई," ती म्हणाली. "लई बरी आसंल."