पाच वाजताची सभा

"पन्नास माणसं लागतात, मावशी. मला सातच दिसताहेत," शौनक म्हणाला.

वॉर्ड ऑफिसातून आलेला हा तिशीतला इंजिनिअर चाळ समितीच्या खोलीत हजेरीचा कागद पुढ्यात घेऊन बसला होता. भांडुपच्या त्या डोंगरावरच्या चाळीला आणखी एक नळ मंजूर होणार होता. पण तो कुठे बसवायचा, हे रहिवाशांच्या सभेने ठरवायचं होतं, आणि पन्नास जण जमले नाहीत तर फाइल आल्या वाटेने परत.

चूक विमलाचीच. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी ही अठ्ठावन्न वर्षांची बाई महिन्यापूर्वी समितीची सेक्रेटरी झाली होती. शौनकने फोनवर विचारलं होतं, "सगळे घरी कधी असतात?" ती पटकन म्हणाली, "पाचाक." त्यात खोटं काही नव्हतं. पाचला चाळीतलं झाडून सगळं माणूस घरी असतं, कारण संध्याकाळी पाचला पायथ्याच्या नळाला पाणी येतं. पाऊण तास. तेवढ्या वेळात दारात प्रत्यक्ष देव उभा राहिला तरी त्याच्या हातात पाइपाचं टोक देऊन "जरा धर" म्हणतील.

खरं सांगायचं तर विमलाला हा नळ आपल्या दारात हवा होता. घर मधल्या आळीत, साठाव्या पायरीवर. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "पायऱ्या बंद." ती फोटो पिशवीत घालून साठ पायऱ्या चढून घरी आली होती. सेक्रेटरीपद घेतलं ते त्यानंतरच्या आठवड्यात.

"आलो, आलो! कोरम आणला!" शेजारचा नितेश धापा टाकत आत शिरला. त्याच्या मागून तिघं जण. सगळ्यांच्या हातांत, काखेत, खांद्यावर कानांतून दोरी ओवलेल्या रिकाम्या कळश्या. प्रत्येकीवर रंगाने नाव.

"हे काय?"

"चाळीस. आणि आपण अकरा. म्हणजे एक्कावन्न. एक जास्तीचा, मोजताना लफडं नको." नितेशने कळश्या भिंतीला ओळीने मांडल्या. "साहेब, आमच्याकडे रांगेत भांडं ठेवलं की माणूस उभा. तीस वर्षं हाच कायदा आहे. कुणाच्या बापाची हिंमत नाय मोडायची."

"अहो, पण मतदानाला कळशी हात वर करणार का?"

"कान आहे ना तिला. तोच मोजा!"

शौनकने पेनाचं टोपण लावलं. ते पाहून विमलाने गुडघ्यांवर हात टेकले. ती उठली.

"साहेब, माणसां हय येवची नाय. आपणच थय जाव या."

मग टेबल पायथ्याच्या नळावर गेलं. शौनकला उलट्या पिंपावर बसवलं. पाण्याच्या धारेत, पाइपांच्या गुंत्यात आणि "माझा नंबर होता गं!" च्या गजरात हजेरी झाली. त्रेपन्न. कागदाचा एक कोपरा भिजला, पण फाइल वाचली.

"जागा दोन आहेत," शौनक ओरडून म्हणाला, कारण तिथे दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. "मधली आळी किंवा वरची आळी."

विमला बोलली. मधे झाला तर वरच्यांना निम्मं उतरायचं, खालच्यांना गर्दी कमी; सगळ्यांची सोय. गुडघ्यांचं ती बोलली नाही.

मधल्या आळीतली श्वेता लगेच म्हणाली, "नको गं मावशी! दारात चिखल, दारात भांडणं. इथलीच पुरे झालीत."

तेवढ्यात वरच्या आळीची सुंदराबाई पुढे आली. सत्तरी उलटलेली, डोक्यावर चुंबळ तशीच. "मला भाषान येत न्हाई, साहेब," ती म्हणाली आणि जात्यावर बसल्यासारखी गळा हलवून गायलीच:

"एकशे बारा पायऱ्या, डोईवरी भरला घडा,
शंभराव्या पायरीला, देव दिसतो बाई थोडा!"

नळावर हशा फुटला. शौनकचं पेन पाण्यात पडलं, ते सुंदराबाईनेच काढून दिलं.

"खरंच गं," हसणं आवरत खालच्या आळीची नीलम म्हणाली. "शिवाय वरच्या वरच राहिल्या तर आपला नंबर पण लवकर लागेल."

हे मात्र सगळ्यांना ओवीपेक्षाही पटलं.

"वरच्या आळीसाठी हात वर करा!"

हात वर गेले. कुणाचा ओला, कुणाचा साबणाचा. सुंदराबाईने दोन्ही वर केले.

"एकच, आजी."

"दुसरा आमच्या धन्याचा. त्ये कामाला गेलेत."

"एकच."

बावन्न. "आता मधल्या आळीसाठी?"

एक हात वर गेला. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या कोपराकडे घसरल्या.

शौनक पुढे वाकून हळूच म्हणाला, "मावशी, एकच आहे. एकमताने लिहू या का? वर फाइल पटकन हलते. बरंही दिसतं."

"बरा दिसता ता खरा," विमला म्हणाली. "पण मी हात वर केलंय ना? मग तो खय गेलो?"

"विरोधाला नाव लिहायची गरज नसते."

"मी लिवतंय. आणा हय."

सेक्रेटरी म्हणून ठराव तिलाच लिहायचा होता. नवा नळ वरच्या आळीत बसवावा, असं तिने सावकाश, ओळ वाकडी होऊ न देता लिहिलं. बाजूने बावन्न. विरुद्ध एक. कंसात नाव: विमला काशीराम परब. खाली सही, तीही तीच. कागद शौनकला देताना म्हणाली, "लवकर बसवा हां, साहेब. म्हातारी दमता."

पाणी गेलं. बाया पांगल्या. विमलाने पदर खोचला, कठडा धरला आणि चढू लागली. एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची.

मागून डोक्यावर भरला हंडा घेऊन सुंदराबाई येत होती. एरवी ती केव्हाच पुढे निघून गेली असती. आज ती दोन पायऱ्या मागेच राहिली, आणि विमला थांबली की तीही थांबत होती.